जुनी सीडी, नवी सीडी आणि बाबांचे कान

बाबांना कानाचं यंत्र लावायला लावायचंच, हे मी ठरवलं त्या दिवशी आई आमच्याच दाराबाहेर अर्धा तास उभी होती. भाजी आणायला खाली गेली आणि किल्ली घरात राहिली. आमची बेल त्या काळात घरोघरी असायची तसली, चिमणी चिवचिवल्यासारखी वाजणारी. आई बाहेरून चिमणी वाजवतेय आणि बाबा आत खुर्चीत बसून निवांत पेपर वाचतायत. शेवटी तिने दारावर धडाधड बुक्के मारले, तेव्हा ते उठले आणि "बेल वाजवता येत नाही का?" म्हणून तिच्यावरच डाफरले. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणून बेल उघडली, आत फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. बेल आधीही ठणठणीत होती आणि नंतरही. काय बिघडलंय ते आम्हा दोघींना कळत होतं, पण बोलायचं कोणी?

न बोलण्याला तसंच कारण होतं. माझे वडील आयुष्यभर कानांवर जगले. रेकॉर्डच्या कारखान्यात ते तपासनीस होते. साच्यातून निघालेली पहिली रेकॉर्ड त्यांच्या केबिनमध्ये जायची. ते दार लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे आणि कुठे टिचकी आहे, कुठे खरखर आहे, कुठे सूर हलतोय ते कागदावर लिहायचे. त्यांनी पास म्हटलं की मगच त्या साच्यातून हजारो निघायच्या. त्यांनी रिजेक्ट म्हटलं की साचा परत जायचा आणि वरचे साहेब चडफडत बसायचे. नाट्यगीतं, भजनं, सिनेमाची गाणी, इंग्रजी रॉक, सगळं त्यांच्या कानाखालून गेलं, पण त्यातलं एकही गाणं त्यांनी गाणं म्हणून ऐकलं नाही. इंग्रजी त्यांना जेमतेम येत होतं. तरी ज्या विलायती रॉक बँडच्या पायी मी पुढे वेडी झाले, त्याच्या रेकॉर्ड कोणत्या गाण्यात कितव्या मिनिटाला नाजूक होतात हे त्यांना तोंडपाठ होतं.

मला ते वेड लागलं तेही त्यांच्यामुळेच. कारखाना दिवाळीला प्रत्येक कामगाराला एक रेकॉर्ड भेट द्यायचा. चांगल्या चांगल्या आधीच उचलल्या जायच्या आणि आमच्या वाट्याला कोणी न घेतलेल्या इंग्रजी यायच्या. गिरगावातल्या आमच्या खोलीत मी त्या वाजवून वाजवून झिजवल्या. पुढे कॅसेटचा जमाना आला, कारखाना बंद पडला, खोली विकून आम्ही भाईंदरला नवघर रोडवर फ्लॅट घेतला आणि त्या गडबडीत रेकॉर्ड आणि त्या वाजवायचं यंत्र भंगारात गेलं. नोकरी लागल्यावर मी त्याच बँडचे नऊ अल्बम सीडीवर घेतले. आणि मग, साल दोन हजार उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेच नऊ अल्बम पुन्हा नव्याने बाजारात येऊ लागले. रीमास्टर केलेले. म्हणजे गाणी तीच, वाजवणारे तेच, पण मूळ टेपा पुन्हा साफसूफ करून, आवाज नव्याने बसवून उतरवलेल्या सीडी. जाड पुस्तिका आणि वर 'आता ऐका जसं ऐकायला हवं होतं तसं' अशा अर्थाची चिठ्ठी. म्हणजे इतकी वर्षं मी काय ऐकत होते?

मी एकेक विकत घेत गेले आणि तुलना करत गेले. तीन सीडी एकदम मावतात अशी आमची म्युझिक सिस्टीम होती. पहिल्या खणात जुनी, दुसऱ्यात नवी. एक गाणं जुन्यावर ऐकायचं, बटण दाबून लगेच नव्यावर ऐकायचं आणि वहीत लिहायचं. नव्यात ड्रम छातीवर येतात. नव्यात बेस गिटार दिसते, जुन्यात नुसती जाणवते. नव्यात मागची सूंऽऽ नाहीशी. दर रविवारी सकाळी आंघोळ करून मी पूजेला बसल्यासारखी बसायचे. आई म्हणायची, "तेच गाणं दोनदा ऐकायला हिला दोनदा पैसे मोजावे लागतात." नऊच्या नऊ अल्बमांसमोर माझ्या वहीत एकच निकाल होता. नवी सरस.

तर बेलचा प्रकार झाला तो आठवडा. शनिवारी जेवताना मी विषय काढला.

"बाबा, एकदा कान तपासून घेऊ या का?"

"कशाला?"

"आईचं तुम्ही ऐकत नाही."

"तीस वर्षं नाही ऐकत. आज काय नवीन?"

आई हसली नाही. तिला हसू न येणं हे आमच्या घरात गंभीर प्रकरण समजलं जातं. मी चिकाटीने धरून ठेवलं. टीव्हीचा आवाज, फोनवर 'काय? काय?', बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये हल्ली गप्प बसून राहणं, एकेक बोट मोडून दाखवलं. बाबांनी भात संपवला, ताटात पाणी सोडलं आणि म्हणाले, "माझे कान गेलेत हे मला तू सांगणार? तू त्या सीड्या वाजवतेस ना आलटून पालटून? माझी परीक्षा घे. पाठ करून बसतो. जुनी कुठली, नवी कुठली, सांगतो. नाही सांगता आलं तर नेशील त्या डॉक्टरकडे येतो. आलं सांगता, तर यंत्र हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही."

मला हर्षच झाला. तो बारीक फरक मलाच कान टवकारून ऐकावा लागत होता. ज्यांना चिमणी ऐकू येत नाही त्यांना तो काय कळणार?

रविवारी सकाळी परीक्षा झाली. दहा गाणी, प्रत्येक एकदाच, कधी जुन्या सीडीवरून, कधी नव्या. क्रम मी आधीच कागदावर लिहून आईच्या हाती दिला होता, कारण आमच्यावर आमचाच भरवसा नव्हता. आठ बरोबर आली तर बाबा जिंकले. ते भिंतीकडे तोंड करून ताठ बसले, हात गुडघ्यांवर. मी पहिलं गाणं लावलं. दहा सेकंदांत ते म्हणाले, "नवी." दुसरं. "जुनी." तिसरं. "नवी." एकदाही थांबले नाहीत की विचारात पडले नाहीत. दहाव्या गाण्याला तर गाणारा तोंड उघडायच्या आत निकाल आला.

दहापैकी दहा.

आईने कागद दोनदा पाहिला. "म्हणजे ऐकू सगळं येतं," ती म्हणाली, "फक्त माझी हाक तेवढी येत नाही होय?" बाबा उठले, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि दाढी करायला गेले. मी तिथेच बसून राहिले. हरल्याचं वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आतून अभिमानही वाटत होता. माझा बाप अजून तोच आहे, असं वाटलं. तो अभिमान मला पुढे फार महागात पडला.

शब्द दिला होता, तो पाळला. महिना दीड महिना मी यंत्राचं नाव काढलं नाही. चिमणी वाजत राहिली, आई बुक्के मारत राहिली. बाबा टीव्ही लावायचे तेव्हा खालच्या मजल्यावरच्या भाभींनाही बातम्या कळायच्या. मला झोंबत होतं ते एवढंच की दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील?

उत्तर मिळालं सायबर कॅफेत. माझ्यासारखेच रिकामटेकडे लोक जगभर याच नऊ अल्बमांवरून भांडत होते आणि ती भांडणं वाचायला मी स्टेशनजवळच्या कॅफेत जायचे. त्या दिवशी कुणीतरी नव्या सीड्यांचं कौतुक केलं होतं, अगदी माझ्या वहीतल्यासारखं. खाली दुसऱ्याने त्याला झोडपलं होतं. त्याचं म्हणणं असं की नव्या सीड्यांवर काही सुधारलेलं नाही, नुसता आवाज चढवून भरलाय. माणसाच्या कानाला दोन सारख्या गोष्टींतली मोठ्याने वाजणारी नेहमीच जास्त चांगली वाटते. तेव्हा तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करा आणि मग बोला.

मी खुर्चीत बसल्या जागी तापले. हे मला कोणा परक्याने सांगायला हवं होतं? मी या गोष्टीवर लहानाची मोठी झाले होते. बाबांच्या केबिनमध्ये पहिला नियमच तो होता. काटे असलेलं एक मीटर होतं तिथे, आणि रेकॉर्ड तपासायला घेतली की आधी आवाज फिरवून काटा ठरलेल्या खुणेवर आणायचा. मगच ऐकायला बसायचं. मोठ्याने वाजणारी रेकॉर्ड आपले दोष झाकते आणि हळू वाजणारी उगाच मरगळलेली वाटते. 'आधी काटा, मग कान' हे त्यांनी मला शाळेत जायच्या वयात शिकवलं होतं. तपासनिसाची पोरगी असून मी दोन वर्षं काटा न लावता निकाल देत बसले होते.

घरी माळ्यावर बाबांचा जुना कॅसेट डेक होता, पुढे दोन काटे असलेला. तो काढला, पुसला, सिस्टीमला जोडला. बाबा सकाळी फिरायला गेले होते. जुनी सीडी लावली. काटे मधल्या भागात नाचत होते, उठत होते, बसत होते. नवी लावली. काटे उजवीकडे लाल भागात जाऊन जे चिकटले ते खाली यायचं नावच घेईनात. मग मी नव्या सीडीचा आवाज कमी करत करत दोन्ही एका जागी आणल्या. सिस्टीमवर आवाजाचा आकडा जुनीला अठरा, नवीला तेरा. आणि ऐकलं.

माझ्या वहीचं भजं झालं. नवी सरस म्हणून मी ज्यांना माळ घातली होती त्यातल्या पाच सीड्या आवाज सारखा केल्यावर साफ उघड्या पडल्या. ड्रम छातीवर येत नव्हते, बसल्या जागी धपाधप करत होते. गाणं हळू सुरू होऊन चढत जायला हवं तिथे नवी पहिल्यापासूनच चढलेली. झांजांचा आवाज जुनीत वाजून विरत जायचा, नवीत कापल्यासारखा संपायचा. दोन अल्बम मात्र नवे खरोखर चांगले होते, जुन्यावरचा जळमटासारखा पडदा कोणीतरी काढला होता. उरलेल्या दोनांत मला फरकच सापडेना. मी खाली मान घालून सगळे निकाल खोडले आणि नव्याने लिहिले. आणि लिहिता लिहिता पेन थांबलं.

मी विसरले होते हे ठीक. पण ते कसे विसरले?

ते विसरले नव्हते. सव्वीस वर्षं काटा लावून बसलेला माणूस पहिल्याच गाण्याला समजला असणार की पोरीने आवाज सारखा केलेला नाही. मोठ्याने वाजलं की नवी, हळू वाजलं की जुनी. त्याला कान कशाला लागतात? दहापैकी दहा आमच्या भाभींच्या लहानग्यालाही आले असते.

मला असा संताप आला की काय सांगू. हरवलं म्हणून नाही. या माणसाने कधी कोणाची वाकडी रेकॉर्ड पास केली नव्हती. साहेबांनी दम दिला तरी नाही, आणि दिवाळीच्या घाईत तर मुळीच नाही. आणि माझी खोटी परीक्षा मात्र त्यांनी डोळ्यांदेखत पास करून घेतली होती.

ते फिरून आले तेव्हा डेक टेबलावरच होता. मी सीडी सुरू केली. जुनी, मग नवी. काटे मध्ये, मग लाल. बाबा चपला काढता काढता काट्यांकडे बघत राहिले.

"पुन्हा परीक्षा घ्यायची आहे," मी म्हटलं. "काटा लावून."

"नको."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"पहिल्याच गाण्याला."

"मग बोलला का नाहीत?"

ते खुर्चीत बसले. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "बोललो असतो तर तू आवाज सारखा केला असतास. मग मला काहीच कळलं नसतं गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण मी मागे हटले नाही. त्या क्षणी मी 'असू दे' म्हटलं असतं तर ते आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून बसले असते. "सोमवारी रजा घेते," मी म्हटलं. "साडेदहाची वेळ घेते."

कान तपासायचं क्लिनिक मीरा रोडला, हाटकेशकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. तिथली मुलगी पंचविशीची असेल. तिने बाबांना काचेच्या एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवला आणि हाती बटण दिलं. "अंकल, जब भी आवाज आए, कितना भी छोटा, बटन दबाना." बाबा बटण मुठीत धरून ताठ बसले. मी बाहेरून बघत होते. त्यांच्या केबिनमध्ये ते असेच बसत असतील, माझ्या मनात आलं. सुरुवातीला ते भराभर बटण दाबत होते. मग थोडं थांबून. मग ती मुलगी तिच्या यंत्राची बटणं फिरवत राहिली आणि बाबांचा अंगठा नुसता बटणावर राहिला.

तिने आलेख दाखवला. कागदावर डावीकडे रेघ बरी, आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली गेलेली. जाड आवाज येतात, बारीक, टोकदार आवाज येत नाहीत, ती म्हणाली. बेल, शिट्टी, बायकांच्या बोलण्यातले स आणि श, सगळं त्या घाटाखाली. बाबांनी एवढं सगळं मान डोलावत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "हे कधीपासून असेल?"

"ये एकदम नहीं होता, अंकल. धीरे धीरे. पंद्रह-बीस साल तो आराम से. नौकरी में मशीन का आवाज था क्या?"

होता. केबिन शांत होती, पण दिवसातून दहा वेळा ते साच्यांच्या धडधडाटातून ये-जा करायचे. बाबांनी आलेखाचा कागद घडी करून खिशात घातला.

यंत्र आलं. पहिले दोन दिवस मजेत गेले. आईच्या बांगड्या वाजतात, पेपर करकरतो, आपण चावतो ते आपल्यालाच ऐकू येतं, असे एकेक शोध लागले. बेल वाजली तेव्हा दचकून "ही इतकी कर्कश आहे?" म्हणाले, आणि आईने देवासमोर साखर ठेवली. पण आठवड्याभरात यंत्र डबीत गेलं. आज कान दुखतोय, उद्या बॅटरी संपलीय. मी कानीकपाळी ओरडले. एरवी हट्टाला मी त्यांचीच मुलगी, पण या वेळी त्यांच्यात हट्टच दिसत नव्हता. नुसती टाळाटाळ होती. शेवटी आईनेच मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"ते हिशोब करत बसतात," ती म्हणाली. "वर्षांचा. कारखाना बंद पडून तेरा-चौदा वर्षं झाली. डॉक्टरीण म्हणाली पंधरा-वीस. म्हणजे शेवटची पाच-सहा वर्षं केबिनमध्ये बसून यांनी काय ऐकलं? परवा मला म्हणाले, 'मी पास करत होतो ते न ऐकताच का?' यंत्र लावलं की त्यांना तेच आठवतं."

मी हातातली वाटी खाली ठेवली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बेल आणि टीव्ही घेऊन बसले होते आणि त्यांचं सगळं आयुष्य पणाला लागलं होतं. समजूत घालता आली असती. 'जाऊ द्या बाबा, कोणाला कळतंय आता.' पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला 'जाऊ द्या' म्हटलं नाही, त्याला ते चाललं नसतं. याचं उत्तर एकच होतं. त्या शेवटच्या वर्षांतली रेकॉर्ड शोधायची आणि वाजवून बघायची.

मी ऑफिसात दिसेल त्याला विचारत सुटले. लोक हसले. पण माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी उत्तनची मैत्रीण म्हणाली, "माझ्या पप्पांकडे पेटीभर आहेत. जहाजावर होते ना, इकडे आले की घ्यायचे. तुझा तो बँडपण आहे." मी बाबांना सांगितलं. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि डबीतून यंत्र काढून कानाला लावलं.

भाईंदर पश्चिमेहून बसने उत्तनला गेलो. मैत्रिणीचे वडील ओट्यावरच बसलेले होते, बनियनवर, बाजूला सुकत घातलेले बोंबील. "या या, आत या," ते म्हणाले. "रेकॉर्ड हाय, मशीन पन हाय, आयकनारा कोन न्हाय. पोरी नुसत्या मोबाइलवर." त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. बाबांनी गुडघे टेकले आणि एकेक रेकॉर्ड काढून तिचं आतलं कागदी पाकीट उजेडात धरायला लागले. पाकिटाच्या कोपऱ्यात तपासनिसाचा निळा, गोल शिक्का असायचा. बाबांचा नंबर सात. आठ-दहा पाकिटांनंतर माझ्याच बँडचा एक अल्बम निघाला, कारखान्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतला. कोपऱ्यात फिकट झालेला सात.

"ही लावा," बाबा म्हणाले.

सुई टेकली. हा अल्बम माझ्याकडे जुन्या सीडीवर होता, नव्या सीडीवर होता, आणि इतक्यांदा आलटून पालटून ऐकला होता की कुठे कोण श्वास घेतो ते मला माहीत होतं. पहिली बाजू स्वच्छ गेली. मी सुस्कारा सोडला. बाबांनी सोडला नाही. दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं लागलं. ते हळू आहे, नुसती गिटार आणि एक आवाज. आणि तिथे, अगदी बारीक, टिक. थोड्या अंतराने पुन्हा टिक. आणि पुन्हा.

मी चटकन बाबांकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती, म्हणजे त्यांना ते ऐकू आलं नसणार. मैत्रिणीचे वडील, अंकल, खुशीत मान डोलावत होते. "मस्त वाजते ना?"

गाणं संपलं. बाबांनी सुई उचलायला लावली. रेकॉर्ड हातात घेतली, खिडकीशी नेऊन तिरपी धरली, नखाने एक जागा चाचपली. मग माझ्याकडे वळले.

"तू सांग," ते म्हणाले. "पास की रिजेक्ट?"

आजवर त्यांनी कोणाच्या कानावर विश्वास ठेवला नव्हता, आणि आता ते मला विचारत होते. एक शब्द बोलले असते तर त्यांची ती पाच-सहा वर्षं त्यांना परत मिळाली असती. पास. कोणाला कळलं असतं? अंकलना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. माझ्या ओठांवर तो शब्द आला होता. पण खोट्या परीक्षेत पास झालेल्या माणसाचं काय होतं ते मी नुकतंच पाहिलं होतं.

"रिजेक्ट," मी म्हटलं. "दुसरी बाजू, तिसरं गाणं. तीन टिचक्या आहेत, बाबा."

"चार," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या हातातल्या रेकॉर्डकडे पाहिलं.

"पहिली तू चुकवलीस. गाणारा तोंड उघडतो तिथे, त्याच्या आवाजाखाली." त्यांनी रेकॉर्ड माझ्यासमोर धरली. "ओरखडा नाही हा. साच्यातलाच फोड आहे. म्हणजे प्रत्येक कॉपीत असणार." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. मग त्यांनी ती अंकलच्या हाती दिली. "ही मी सोडायला नको होती. माफ करा."

अंकलना काय चाललंय ते कळत नव्हतं. "अरे त्यात काय," ते म्हणाले, "माझी अशीच वाजते. मला तर ती टिक न्हाय आली तं चुकल्यासारखा वाटल." त्यांनी सुई पुन्हा त्या गाण्यावर ठेवली. आम्ही तिघेही वाकून ऐकत होतो. गाणाऱ्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या पहिल्या शब्दाखाली, मघाशी माझ्याकडून निसटलेली, पहिली टिचकी आली. चारच होत्या.

बाबांनी कानामागचं यंत्र बोटाने नीट दाबून बसवलं आणि पेटीजवळ मांडी घालून बसले. "साताचा शिक्का असलेल्या सगळ्या बाजूला काढ," ते मला म्हणाले. "आज जेवढ्या होतील तेवढ्या ऐकू."